धोंडोपंतांची लाज

परप्रांती बदली होताच आमच्यातील काही मंडळी वडिलांचे ‘धोंडो’ हे नाव सहीत एका आद्याक्षरामागे दडवितात. ही लाज कशाची? ज्या घरी मुले जगत नसत, तेथे काळाची दृष्टी पडू नये म्हणून नव्या जिवास धोंडा म्हणत. कोठे धोंड्याच्या महिन्यातील, म्हणजे अधिकमासातील, जन्मही निमित्त होई. मुले जगू लागली, नाव विरळ झाले. त्याचे आम्हांस समाधानच आहे. परंतु गावंढळ म्हणून त्यास हसावे? कानपुरास नोकरी करणाऱ्यांनी तरी जवळचे बिठूर आठवावे: १८५७ चे नानासाहेब पेशवे ते धोंडोपंतच. १९५८ साली ‘भारतरत्न’ झालेले कर्वेही धोंडो केशव. (त्यांस सारे अण्णा म्हणत, ते असो.) पुरते नाव लिहावयास अशी शाई ती किती लागते?