बाळंतपणाचा पगार परत मागतात तेव्हा

आमच्या वस्तीतील एक नर्सताई खासगी इस्पितळात होती. बाळंतपणाची रजा संपली, तान्ह्याला सांभाळायला घरी कोणी नाही, म्हणून तिने राजीनामा दिला. ऑफिसने तोंडी सांगितले, रजेचा पगार परत भरा, मगच अनुभवाचा दाखला. बिचारी दागिना मोडायला निघाली होती.

भगिनींनो, हा पगार म्हणजे उचल नव्हे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केले की पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचा हक्क मिळतो. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कारखान्यातील बायांसाठी याच हक्काची बाजू मांडली होती. रजेनंतर कामावर परतलेच पाहिजे, ही अट १९६१ च्या कायद्यात नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नाही. बाँडवर सही केली म्हणून कायद्याचा लाभ जात नाही.

नोटिशीच्या पगाराची गोष्ट मात्र वेगळी, तो नेमणूकपत्राप्रमाणे कापला जाऊ शकतो. कायद्यापेक्षा जास्त काही मिळाले असेल तर त्याच्या अटी वाचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रजेनंतर तीन महिने काम न केल्यास हा वरचा पैसा परत मागतात, कायद्याचा नाही. आणि रजेत दुसरीकडे कामाला जाऊ नका, तेवढा लाभ बुडतो.

पैसे मागितले तर मागणी लेखी मागा. बहुतेक ठिकाणी तिथेच आवाज खाली येतो. नाहीच आला, तर नेमणूकपत्र आणि पगारपत्रके घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या, पोच घ्या. सोबत कोणीतरी न्या.