सुरक्षितता हेच पहिले कौशल्य

खिडकीची जाळी, शेतातील ट्रेलर, पत्र्याच्या शेडचा सांगाडा यांपैकी बहुतेक वस्तू वेल्डिंगशिवाय उभ्या राहत नाहीत. थोड्या भांडवलावर सुरू करता येणारा हा व्यवसाय असल्यामुळे अनेक तरुण त्याकडे वळतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तथापि पुष्कळजण हे काम एखाद्या दुकानात, उस्तादाच्या हाताखाली, पाहून पाहूनच शिकतात. त्यामुळे हात लवकर बसतो, पण उस्तादाच्या सवयीही शिष्याच्या अंगवळणी पडतात. उघड्या डोळ्यांनी ‘एवढासा’ टाका मारून घेणे ही त्यांतील सर्वांत घातक सवय होय.

वेल्डिंगची कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीतून प्रखर अतिनील किरण बाहेर पडतात. त्यांची इजा त्या क्षणी जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. कारण आणि परिणाम यांत असे अंतर पडल्यामुळे शिकाऊ कामगार सवयीला दोष देत नाही. कोणी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतो, एक-दोन दिवसांत त्रास ओसरतो आणि तो पुन्हा तसाच कामाला बसतो.

धुराची गोष्टही अशीच आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळ जोडताना निघणारा धूर छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग निर्माण करू शकतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये काढला. मोकळ्या हवेत, वाऱ्याची दिशा पाहून बसणे याला खर्च येत नाही. केवळ जाणीव लागते.

‘मुखवटा लावला की काम दिसत नाही’ ही नेहमीची तक्रार आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. उघड्या डोळ्यांना दिसतो तो फक्त लखलखाट. वितळलेल्या धातूचे लहानसे तळे योग्य काळ्या काचेतूनच स्पष्ट दिसते. ते तळे किती रुंद झाले, कोठे सरकले, हे पाहूनच कुशल वेल्डर कांडीची गती राखतो. ज्याला ते दिसत नाही, त्याचा सांधा वरून भरलेला आणि आतून पोकळ राहतो. म्हणजेच काळी काच डोळा वाचवते आणि सांधाही सुधारते.

उकाड्यात हातमोजे आणि जाड सुती कपडे नकोसे होतात, हे खरे आहे. परंतु ठिणगी पडली की कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते, आणि घामाने भिजलेल्या उघड्या हातातून विजेचा धक्का सहज बसतो. तेलाचा जुना पिंप रिकामा दिसला, तरी आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. अशा वेळी ‘आजवर काही झाले नाही’ हा अनुभव कामास येत नाही.

मात्र सारा दोष कामगाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. 1948 च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम होते. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असतील तरच तो लागू होत असे. दोघा-तिघांचे रस्त्याकडेचे दुकान त्या कक्षेबाहेरच राहिले. नगावर मजुरी घेणाऱ्याला मुखवटा चढवण्यात जाणारा वेळही तोटा वाटतो. म्हणून साधने पुरवणे ही मालकाची, आणि ती वापरल्याशिवाय कांडी हाती न देणे ही उस्तादाची जबाबदारी आहे.

वेल्डरचे खरे भांडवल यंत्र नव्हे, तर त्याचे डोळे, फुप्फुसे आणि हात होत. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. गेलेली दृष्टी परत मिळेलच असे नाही. म्हणून सुरक्षितता हा या शिक्षणाचा शेवटचा धडा नसून पहिला धडा असला पाहिजे.