एसटीच्या वेळा आपण ठरवून मागू या
पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील रहिवाशांना जाहीर आवाहन

राज्यात सध्या नव्या एसटी गाड्यांची मोठी चर्चा आहे. एसटी महामंडळाने स्वतःच्या मालकीच्या २,६४० साध्या गाड्या घ्यायचे ठरवले आणि २०२५ च्या सुरुवातीपासून त्या आगारांत येऊ लागल्या. त्याआधी विजेवर चालणाऱ्या ५,१५० गाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला होता. त्या इतक्या रेंगाळल्या की मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करण्याचे निर्देश दिले. दरवर्षी ५ हजार याप्रमाणे पाच वर्षांत २५ हजार गाड्या घेण्याचेही जाहीर झाले. यातल्या किती गाड्या पालघर विभागाच्या वाट्याला येतील यासाठी निवेदने जातील, बैठका होतील, आणि ते व्हायलाच हवे. पण गाडी आगारात आली म्हणजे ती आपल्या कामाच्या वेळेला आपल्या फाट्यावर येईल, असे मुळीच नाही. म्हणून माझी विनंती अशी की, गाड्यांच्या संख्येआधी आपण फेऱ्यांच्या वेळा मागाव्यात, त्या लेखी मागाव्यात, आणि मागितलेली फेरी सुरू झाली की तिच्यात बसावे.

आपल्या भागात वेळेला इतके महत्त्व का, हे रेल्वेमुळे कळते. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली आणि सफाळ्यापासून वाणगावपर्यंतच्या गावांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाला बांधला गेला. विरारच्या अलीकडे एक लोकल चुकली तर काही मिनिटांत दुसरी मिळते. विरारच्या पलीकडे तसे नाही. विरार-डहाणू चौपदरीकरण पूर्ण झाले की लोकल वाढतील अशी आशा आहे, पण त्या वाढल्या तरी प्रवासी स्थानकातच उतरणार. तिथून पुढे सातपाटी, माहीम, केळवे, मनोर. बोईसरला उतरले तर औद्योगिक वसाहत, चिंचणी, तारापूर, नागझरी, चिल्हार फाटा. हे शेवटचे काही किलोमीटर एसटीचे आहेत. लोकल फलाटाला लागण्याआधी पाच मिनिटे सुटलेली गाडी कागदावर धावलेली असते, प्रवाशाच्या हिशेबी ती रद्दच झालेली असते. हीच गत कारखान्यांची. मोठ्या कंपन्या आपल्या कामगारांसाठी बस ठेवतात. छोट्या युनिटांत कंत्राटावर काम करणाऱ्यांना, विशेषतः दुसरी पाळी संपवून रात्री घरी निघणाऱ्यांना, तो आधार नाही. आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, २०२१ मध्ये जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावच्या नव्या इमारतींत गेले, तेव्हापासून जव्हार-मोखाड्याहून एका दाखल्यासाठी आलेल्या माणसालाही पालघर-बोईसर रस्त्यावरची योग्य वेळेची गाडी लागते. काम दुपारी आटोपले आणि परतीची गाडी निघून गेली, तर त्या माणसाची संध्याकाळ रस्त्यावरच जाते.

एसटीऐवजी दुसरे कोणी येईल का, तर तशी चिन्हे नाहीत. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेली पीएम ई-बस सेवा दहा हजार गाड्यांची आहे, पण ती मुख्यतः तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. वसई-विरारला महापालिका आहे म्हणून तिथे पालिकेची परिवहन सेवा उभी राहू शकली. पालघरला नगर परिषद आहे. बोईसर तर एवढी औद्योगिक वस्ती पोसूनही ग्रामपंचायतींच्या हद्दींत वाटलेले. शहरासारखी गर्दी, पण शहराच्या योजनेत नाव नाही, अशी आपली अवस्था आहे. त्यामुळे आपली सार्वजनिक बस म्हणजे एसटी, आणि तिच्याशीच आपल्याला नेटाने बोलावे लागेल.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनेच मांडले. मग अर्ध्या रिकाम्या गाड्या आणखी कशाला? खरे तर अर्धी रिकामी गाडी हा बहुधा चुकीच्या वेळेचाच परिणाम असतो. फेरी ठेवायची की काढायची हे ठरवताना भारमान, म्हणजे किती जागा भरल्या, ते पाहिले जाते, आणि लोकल वा पाळी चुकवणाऱ्या गाडीला भारमान मिळणार कुठून? ते घसरते, फेरी कापली जाते, उरलेले प्रवासीही तिचा नाद सोडतात. शिवाय सवलतीचा प्रवासी म्हणजे बुडीत प्रवासी, हा समज काढून टाकायला हवा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे; या सवलतींची भरपाई राज्य सरकारने महामंडळाला द्यायची असते. ती वेळेवर मिळत नसेल तर त्याचा जाब सरकारला विचारावा, प्रवाशाला कमी लेखू नये. सातपाटीची मासळी विकणारी बाई अर्ध्या तिकिटात बसते तेव्हा ती आपला हक्क वापरत असते.

दुसरा आक्षेप रिक्षावाल्यांच्या पोटाचा. तो मला गंभीर वाटतो, कारण ही माणसेही इथलीच आहेत. पण शेअर रिक्षा जवळच्या, भरवशाच्या गर्दीच्या रस्त्यावर चालते. लांबच्या पाड्याला, रात्री उशिरा, तीन प्रवाशांसाठी ती जात नाही, आणि तिने तोट्यात जावे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. रिक्षात अर्धे तिकीट नाही, विद्यार्थ्याचा पास नाही. वेळेवर आलेली एसटी स्थानकावर जास्त माणसे आणते आणि त्यांतली बरीचशी पुढे रिक्षानेच जातात.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: गाडी येतच नाही, मग तिच्या भरवशावर पास काढायचा कशाला? एसटी कर्मचाऱ्यांच्या २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात लोकांनी दुसरी साधने शोधली आणि अनेक जण परत एसटीकडे वळलेच नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. तरीही पास काढणे हे मागणी नोंदवण्याचे सर्वांत ठोस साधन आहे. विद्यार्थ्याला भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. दांडेकर महाविद्यालयात वा चिंचणीच्या श्रॉफ महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या गावच्या चाळीस मुलांचे पास आगाराच्या दप्तरात असतील, तर त्या गावची सकाळची फेरी रद्द करताना आगार व्यवस्थापकाला कारण द्यावे लागते. पासच नसतील तर कोणी विचारायलाही येत नाही. लोक गप्प बसले नाहीत तर काय होते, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे: २०१७ च्या सुरुवातीला वसईतल्या एसटीच्या शहरी फेऱ्या बंद होऊ लागल्या, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

तेव्हा येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. एसटी वाढवा एवढेच लिहिलेल्या ठरावावर कोणालाच काही करता येत नाही. कोणत्या फाट्यावरून, कोणत्या लोकलला वा कोणत्या पाळीला जोडून, शाळेचे किती आणि कामाचे किती प्रवासी, परतीची वेळ कोणती, हे ठरावात असू द्या आणि त्याची प्रत आगाराला, पालघरच्या विभाग नियंत्रकांना व जिल्हाधिकाऱ्यांना द्या. तारापूरच्या उद्योजकांच्या संघटनेने, म्हणजे टिमाने, सभासद कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळा एकत्र करून महामंडळाला कळवाव्यात. ही माहिती त्यांच्याइतकी कोणाकडेच नाही. शाळा-महाविद्यालयांनी सुटण्याच्या वेळा बदलताना आगाराला आधी सांगावे. प्रत्येक थांब्यावरच्या दोघा-तिघांनी महिनाभर वही ठेवावी: ठरलेली वेळ, आलेली वेळ, न आलेली फेरी. त्यात चालक-वाहकांची नावे नकोत, कारण नादुरुस्त गाडी वा अपुरी माणसे हा त्यांचा दोष नसतो. महिन्याच्या अखेरीस त्या वहीची झेरॉक्स आगारात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.