प्रवेश मिळाला, पुढचे काय?

परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांहून अधिक असल्याची माहिती केंद्र सरकारने २०२४ मध्ये संसदेत दिली. या आकड्याची चर्चा होते ती व्हिसा, शुल्क आणि शैक्षणिक कर्ज या अंगांनी. विमानतळाबाहेर पडल्यावर सुरू होणाऱ्या रोजच्या जगण्याची चर्चा क्वचितच होते. अनेकजण अडखळतात ते मात्र तिथेच.

गोमंतकीयांना परदेश अनोळखी नाही. आखात, पोर्तुगाल, इंग्लंड किंवा जहाजावरची नोकरी यांमुळे घरात नाही तर वाड्यावर तरी कोणी जाऊन आलेले असते. खोली कुठे घ्यावी, कोणाच्या शब्दावर विसंबू नये, हे त्याच्याकडून कळते. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात हे पाठबळ सहज मिळत नाही. मध्य प्रदेशातील हा जिल्हा जळगावच्या रावेर तालुक्याला लागून आहे. यंत्रमाग आणि केळी हे त्याच्या अर्थकारणाचे आधार. येथील मराठी घरातून प्रथमच परदेशी निघालेल्या मुलाला विचारायला अनुभवी माणूस नसेल, तर ती जागा एजंट घेतो. व्हिसा हाती पडला की एजंटाचे काम संपते.

अशा मुलाला परक्या भाषेत वावरणे नवे नसते. घरी मराठी, बाजारात हिंदी, पाठ्यपुस्तकात इंग्रजी अशी कसरत त्याने बालपणापासून केलेली असते. त्याची उणीव असते ती नियमांच्या आणि हिशेबाच्या माहितीची.

कॅनडाचे उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाच्या निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम तेथे जानेवारी २०२४ पासून १० हजारांवरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली. सत्र सुरू असताना महाविद्यालयाबाहेर काम करण्याची मर्यादा आठवड्याला २४ तास आहे; ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना २० तास. ‘तिकडे गेल्यावर काम करून कर्ज फेडू’ हा घरचा हिशेब या मर्यादेत बसत नाही. तासांचे उल्लंघन झाल्यास व्हिसाच धोक्यात येतो. मग भाडे भागवण्यासाठी जेवणावर काट मारली जाते आणि घरी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगितले जाते.

वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांची अडचण निराळी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजीतून आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. वर्ग इंग्रजीत चालला तरी रुग्ण रशियन किंवा जॉर्जियन बोलतो. ती भाषा शिकल्याविना रुग्णालयात निभाव लागणे कठीण. परिस्थिती अचानक पालटते, हेही २०२२ मध्ये युक्रेनने आणि मे २०२४ मध्ये बिश्केकमधील परदेशी विद्यार्थ्यांवरील हल्ल्यांनी दाखवले.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, तेव्हा रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाचे घर त्यांच्यासाठी उघडे होते. तरीही फिलाडेल्फियातील थंडी, आहार आणि आजारपण यांनी त्यांना जर्जर केले. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि पुढच्याच वर्षी निवर्तल्या. आधाराचे घर असतानाही परदेशवास शरीराची इतकी परीक्षा घेतो. ते नसताना पूर्वतयारीला पर्याय उरत नाही.

ही तयारी खर्चिक नाही. जिल्हा प्रशासन आणि महाविद्यालयांनी परतलेल्या विद्यार्थ्यांना बोलावून निघण्यापूर्वीची मार्गदर्शन सत्रे घ्यावीत. भाडेकरार, आरोग्य विमा, कामाचे तास, पहिल्या तीन महिन्यांचा खर्च हे त्यांचे विषय असावेत. भारतीय दूतावासात नोंदणी करणे आणि तक्रारींसाठीचे ‘मदद’ संकेतस्थळ वापरणे तेथेच शिकवावे. गोव्यानेही याकडे ‘आपली माणसे आहेत तिकडे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. जुने नातेवाईक लिस्बनला किंवा दुबईला आहेत. नव्या पिढीचा विद्यार्थी जर्मनी किंवा जॉर्जियाला निघाला, तर तोही बऱ्हाणपूरच्या मुलाइतकाच एकटा असेल.