टॉर्चच्या पलीकडचा घसा

केसपेपरवर आपण सगळेच लिहितो : ‘घसा – नॉर्मल’. जीभ दाबली, टॉर्च मारला, टॉन्सिल आणि मागची भिंत पाहिली, की तपासणी उरकते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या केसपेपरवर मात्र हे दोन शब्द घात करू शकतात. फुप्फुसात जाणारा प्रत्येक झुरका दोन स्वरतंतूंमधल्या फटीतून उतरतो, आणि नेमकी तीच जागा टॉर्चच्या उजेडात येत नाही.

आपल्या राज्यात ही चूक सहज होण्याजोगी आहे. २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ या प्रौढांच्या तंबाखूवापराच्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर ओढणारे ३.८ टक्के होते. साहजिकच तंबाखू म्हटले की आपण गालाच्या आतला चट्टा आणि तोंड किती बोटे उघडते हे पाहतो. ते पाहायलाच हवे. पण ओढणाऱ्याचे तोंड स्वच्छ असले म्हणजे घसाही स्वच्छ असेल, असे नाही.

आरसा किंवा दुर्बीण घातली की बरेच कळते. निरोगी स्वरतंतू पांढरे असतात, त्यांच्या कडा सरळ असतात. धुराने ते लालसर, जाडसर होतात. काहींच्या तंतूंच्या आवरणाखाली द्रव साचून ते फुगतात. हा राइन्केज एडेमा. त्याने आवाज जाड होतो; असा त्रास असलेली बाई फोनवर बोलली तर पलीकडचा तिला ‘साहेब’ म्हणतो. तंतूवर पांढरा चट्टा दिसला, तर तो निरुपद्रवी की कर्करोगाचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही; बायॉप्सीच लागते.

स्वरतंतूचा कर्करोग स्वतःहून लवकर खबर देतो, हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे. तंतूवर जराशी गाठ आली तरी आवाज बदलतो, आणि तिथे लसीकावाहिन्या तुरळक असल्याने रोग बराच काळ जागीच राहतो. या टप्प्यावर लेझर किंवा किरणोपचार दिल्यास दहापैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात, बहुतेकांचे स्वरयंत्रही वाचते. तंतूंच्या वरच्या भागातला रोग मात्र कावेबाज. आवाज उशिरा बदलतो. आधी घोट गिळताना टोचते, कानाचा पडदा चांगला असूनही कान दुखतो किंवा थेट मानेत गाठ येते.

स्वरतंतूने दिलेली ही खबर बहुधा आपल्याच दवाखान्यात अडते. आवाज बसला म्हणून रुग्ण येतो. पाच दिवस अँटिबायॉटिक, मिठाच्या गुळण्या. मग ॲसिडिटीची गोळी. तरी फरक नाही म्हणून थोडे स्टेरॉइड. सूज उतरते, आवाज जरा मोकळा होतो आणि रुग्ण फिरकत नाही. परततो तो दम लागल्यावर. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहे : स्वरयंत्र पाहिल्याशिवाय बसलेल्या आवाजासाठी अँटिबायॉटिक, ॲसिडिटीची गोळी किंवा स्टेरॉइड सर्रास देऊ नये, चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र पाहावे, आणि तंबाखूसारखे धोक्याचे कारण असेल तर तेवढेही थांबू नये.

दुर्बिणीत डावा तंतू हलत नसल्याचे दिसले, तर छातीचा विचार करावा. त्याला हलवणारी नस महाधमनीच्या कमानीला वळसा घालून वर येते. फुप्फुसाची गाठ तिला तिथे गाठते आणि खोकल्याच्या आधी आवाज बोलतो.

आपल्या दवाखान्यात दुर्बीण नसेल, पण तीन गोष्टी नक्की आहेत. ‘व्यसन आहे का?’ असे मोघम न विचारता, ‘दिवसाला किती बिड्या, किती वर्षे? सोबत दारू?’ असे विचारता येते. दोन्ही असतील तर धोका कित्येक पटींनी वाढतो. दोन्ही हातांनी मान चाचपता येते. आणि रेफर चिठ्ठीवर ‘घसादुखी’ऐवजी ‘ओढणारा, आवाज सहा आठवडे बसलेला, स्वरतंतू पाहावेत’ असे लिहिता येते. ही चिठ्ठी वाचणारा तज्ज्ञ रुग्णाला महिन्याभरानंतरची तारीख देणार नाही.

चिठ्ठी देतानाच बिडी सोडण्याचे बोलावे. आवाजाला घाबरून आलेला माणूस एरवीपेक्षा जास्त ऐकतो. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावा. आणि केसपेपरवर, तंतू कोणी पाहिलेले नसतील तर, ‘घसा – नॉर्मल’ न लिहिता ‘स्वरयंत्र पाहिलेले नाही’ असे लिहावे.