रक्तक्षयाचे इंजेक्शन आणि बुडणारी रोजी

झाडीपट्टीतील भात पिकतो तो चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर. ब्रह्मपुरी परिसरातील या श्रमिक स्त्रीच्या अंगातले रक्त मात्र आटलेलेच राहते. रक्तक्षयाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. अर्ध्या शतकानंतर, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हे केवळ आजाराचे नव्हे, विषमतेचे मोजमाप आहे.

ज्या गरोदर स्त्रीस गोळ्या सोसत नाहीत, किंवा दिवस भरत आले तरी जिचे रक्त वाढत नाही, तिला पहिल्या तिमाहीनंतर शिरेवाटे लोह देणे हा सिद्ध उपाय आहे. परंतु सुईत जादू नाही. आयर्न सुक्रोज सलाईनमध्ये मिसळून, सावकाश, शिरेतूनच द्यावे लागते. ते दंडात वा कमरेत टोचण्याचे औषध नव्हे. क्वचित जीवघेणी प्रतिक्रिया येते. म्हणून अ‍ॅड्रेनलीन व प्राणवायू हाताशी हवा आणि औषध संपल्यावरही अर्धा तास परिचारिकेची नजर हवी.

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक अट अटळ आहे. येथे सिकलसेल आहे. त्यात रक्त कमी असते, पण लोह कमी असतेच असे नाही. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या शरीरात ते साचलेलेही असू शकते. तपासणीवाचून तेथे लोह देणे हा उपचार नसून अपाय होय.

आता हिशेब पाहावा. ४० किलो वजनाच्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ वरून ११ वर नेऊन शरीरातील साठाही भरायचा, तर प्रचलित सूत्रानुसार सुमारे ९०० मि.ग्रॅ. लोह लागते. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मि.ग्रॅ. देतात. म्हणजे पाच खेपा, पाच बुडालेल्या रोज्या! ऐन रोवणीत ती तिसऱ्या खेपेस आली नाही, की दोष तिच्या 'अज्ञाना'वर ठेवून व्यवस्था मोकळी होते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एक-दोन खेपांत काम भागवते. ते महाग म्हणणारे तिच्या रोजीची किंमत मोजत नाहीत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने औषध, तपासणी व वाहन मोफत केले; खेपेगणिक बुडणारी मजुरी त्या यादीत नाही.

कार्यकर्त्यांनी म्हणून नुसते 'इंजेक्शन द्या' एवढेच मागून थांबू नये. आधी सिकलसेलची तपासणी, सज्ज खाट, कमी खेपांचे औषध आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी, ही एकच अखंड मागणी आहे. तिचा एकही तुकडा गळला, तर उरतील ती केवळ सुई आणि कागदावरचा आकडा.