दुपारी कुलूप लावलेली बाग

पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, रुग्णालय एकच, फक्त खिडक्यांबाहेरचे दृश्य वेगळे. काहींना झाडे दिसत, काहींना विटांची भिंत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या अशा ४६ जणांच्या नोंदी संशोधक रॉजर उलरिच यांनी तपासल्या आणि १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण रडतोय, त्याला सारखा धीर द्यावा लागतोय, अशी परिचारिकांची टिपणेही त्यांच्याबाबत कमी होती. ४६ हा आकडा लहान आहे, हे खरे. पण पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहाटे चढणाऱ्यांना झाडांचा हा गुण पटवून द्यावा लागत नाही. रक्तदाबाच्या गोळीइतक्याच नेमाने ते टेकडी गाठतात.

टेकडी गाठायला मात्र सवड लागते. घराजवळच्या बागेला अनेक शहरांत दुपारी कुलूप असते. चार घरची कामे उरकून घटकाभर टेकू पाहणारी बाई, अभ्यासाला घरात जागा नसलेला मुलगा, पार्सल पोहोचवणारा तरुण, यांना सावली हवी असते ती नेमकी तेव्हाच. मग ते बंद दुकानाच्या पायरीवर बसतात.

मनःस्वास्थ्याच्या या विशेषांकात समुपदेशन, औषधे, झोप यांवर लेख आहेतच. आमची मागणी साधी आहे. बागा दुपारी उघड्या ठेवा, सावलीत बाके टाका, पहारेकऱ्यांची एक पाळी वाढवा. वाचकहो, अर्थसंकल्पाआधी आपल्या नगरसेवकांना हे लेखी कळवा.